आठ प्लग

हे गेल्यावर आखातात, अल मलाझमधल्या त्या घरात मी आणि गाडी, दोघीच उरलो.

गाडी ह्यांनी मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन इंजिनीअरकडून घेतली होती. जुनी, दोन दारांची, आठ सिलिंडरची. बसायला जागा थोडी आणि बॉनेट भलंमोठं. एरवी बँकेत टाय लावून बसणारा माणूस गुरुवारी सुट्टीच्या सकाळी बनियनवर तिच्यात वाकलेला असायचा. माझं काम वाचनाचं. दुरुस्तीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन मी पायरीवर बसायची आणि हवं ते पान मोठ्याने वाचायची. "सावकाश वाच गं, परीक्षा नाहीये," हे बॉनेटखालून म्हणायचे. लग्नाआधी मी कॉलेजात कविता शिकवायची. वर्गात इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं.

चालवण्याचा प्रश्न नव्हता. बायकांना तिथे लायसन्स नव्हतंच.

एका मंगळवारी ह्यांना ऑफिसातच छातीत कळ आली. कागद पुरे व्हायला अठरा दिवस लागले. मग पेटी विमानाने गेली आणि पुण्यात धाकट्या दिरांनी अग्नी दिला. मी मागेच राहिले. कफीलची, म्हणजे ह्यांना व्हिसा देणाऱ्या मालकाची, सरकारी कामं करणारा मंदूब दाराबाहेर उभा राहून सांगून गेला, "मॅडम, गाडी साहब के नाम पे है. पहले गाडी जाएगी, फिर आपका एक्झिट व्हिसा लगेगा."

गिऱ्हाईक येईल तेव्हा गाडी चालू व्हायला हवी, म्हणून दर शुक्रवारी सकाळी मी अंगणात जाऊन किल्ली फिरवायची. अंगणाच्या भिंती दीड पुरुष उंच, लोखंडी गेट बंद. दहा मिनिटं सगळं घर थरथरायचं. सीट ह्यांच्या उंचीला मागे सरकवलेली होती. पाय जेमतेम पॅडलला टेकायचा, पण मी ती पुढे घेतली नाही. बॅटरीसाठी करते आहे, असं स्वतःला सांगायची.

दोन महिन्यांनी गिऱ्हाईक मिळालं. अल खर्जचे एक प्रौढ शाळामास्तर, जुन्या गाड्यांचे हौशी. त्यांना घेऊन आला तो आमचा मेकॅनिक, चिपळूणकडचा. मी खिडकीच्या जाळीआडून पाहत होते. त्याने किल्ली फिरवली. गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि गप्प झाली. पुन्हा तेच. मास्तर नम्रपणे "बुकरा, इन शा अल्लाह" म्हणून निघून गेले. त्या देशातला उद्या किती लांब असू शकतो, हे मला आतापर्यंत कळलं होतं.

मी अंगणात आले, तेव्हा मेकॅनिकने एक स्पार्क प्लग काढून माझ्यापुढे धरला. काजळीने डांबरासारखा झालेला.

"वैनी, गाडी चालू करत होता काय?"

"दर शुक्रवारी. दहा मिनिटं."

"आणि रस्त्यावर कोण न्यायचं?"

"कोण नेणार?"

तो हसला, मग माझं तोंड बघून थांबला. "ही पळायसाठी बनवलेली. जागच्या जागी घुरघुरत ठेवली की काजळी धरते. तुम्ही जपलीत नाय, वैनी, गुदमरवलीत."

"पुस्तकात असं कुठे लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"लिवणाऱ्याला काय ठाऊक, गाडी कोंडून ठेवायची पाळी कुणावर येईल म्हणून!"

आम्ही आठही प्लग वर्तमानपत्रावर मांडले. तो तारेच्या ब्रशने घासत होता, मी पेट्रोलच्या फडक्याने पुसत होते. मग प्लगच्या टोकाशी किती फट ठेवायची, ते पान त्याने मला वाचायला सांगितलं. मी पायरीवर बसले. सावकाश वाचू लागले.

"पटपट वाचा, वैनी. मगरीबची बांग होईल, अंधार पडेल."

दुसऱ्या दिवशी मास्तर खरोखरच आले. गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि मान हलवली.

नावबदल मंदूबाने आठवड्याभरात करून आणला. गाडी न्यायच्या दुपारी वारा सुटला होता. गेटची दारं उघडी राहीनात. मास्तर रस्त्यावरच थांबले होते. एकट्या विधवेच्या अंगणात पाऊल टाकायला ते पहिल्या दिवशीही कचरले होते. मेकॅनिकने पाठीने एक दार दाबलं, हाताने दुसरं धरलं आणि ओरडला, "वैनी, तुम्हीच आणा इथवर! वीस पावलं तर हायत. आत कोण विचारतंय?"

ब्रेक नीट दाबता यायला हवा होता. मी सीटखालचा दांडा ओढला आणि सीट पुढे घेतली.

गाडी सरपटत निघाली. भिंत मागे गेली, पायरी गेली. उंबऱ्याशी मी ब्रेक दाबला. समोर रस्ता मोकळा होता. मास्तरांनी अदबीने तोंड दुसरीकडे वळवलं होतं. मी इंजिन चालूच ठेवून उतरले आणि आतल्या बाजूला उभी राहिले.

ते आत बसले. त्यांचे गुडघे स्टिअरिंगला अडले. त्यांनी खाली वाकून दांडा ओढला आणि सीट मागे सरकवली. ती कुठे जाऊन थांबली, ते मी पाहिलं नाही.