पिठाचा हात

निजामाच्या राज्यातलं आमचं गाव पालमच्या पुढं, गोदावरीच्या काठाला होतं. आता आठवायला बसलं की नदी आणि चुलीचा धूर एकमेकांत मिसळतात. आमच्या झोपड्या पाण्यावर तरंगत होत्या असंच वाटतं.

गावाबाहेर आमची पाचसात ख्रिस्ती घरं. मी नवी सून. पाद्रीसाहेब पलीकडच्या काठाहून नावेनं यायचे. एकदा त्यांनी सांगितलं, प्रभूच्या घरात प्रत्येक विश्वासणारा याजक, म्हणजे देवाचा पुजारीच, असतो. दुसऱ्यासाठी देवापुढं उभं राहणं हे सगळ्यांचंच काम. माझे सासरे खो खो हसले.

"आमी अन् याजक? देवळाच्या पायरीला शिवू देत न्हाईत आमाला!"

त्या पावसाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. नदीला पूर, नाव बंद. एवढा हसरा माणूस, पण भ्यायला. पाद्रीसाहेबांचा हात डोक्यावर पडल्याशिवाय मरायचं नाही, हेच धरून बसले. दिवसभर दाराकडं बघायचे. दारातून नुसतं गढूळ पाणी चमकताना दिसायचं. माझा त्यांच्यावर लय जीव होता, आणि त्या नदीचा मला भयंकर राग यायचा.

भाकरी थापण्याआधी मूठभर पीठ प्रभूसाठी गाडग्यात टाकायची आमची रीत. एका सकाळी मी ती मूठ उचलली, तोच सासऱ्यांनी हाक मारली.

"पोरी, तू बी याजक हायस न्हवं? पाद्रीसाहेबच म्हनले व्हते. मग ठिव हात."

सुनेनं सासऱ्याला शिवायचं नसतं. मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या चूल फुंकत राहिल्या.

"मामा, हात पिठाचा हाय."

"आसू दे. देवाचंच पीठ हाय ते."

मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. प्रार्थनेचे शब्द काही सुचेनात. मग मी देवाला त्यांच्या सगळ्या खोड्या सांगितल्या, आणि तरी यांना जवळ घे म्हटलं. ते डोळे मिटून हसले. पाण्याचा उजेड छपरावर हलत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

दुपारी ते गेले. सासूबाईंनी ओल्या फडक्यानं त्यांचं अंग, हातपाय पुसले, आणि कपाळाशी येऊन थांबल्या. माझी बोटं तिथं पांढरी उमटली होती. मी पुसायला पुढं झाले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "याजकाचा हात हाय त्यो."