माणिकबाईचा पान्हा

पातूरच्या अलीकडे एका गावात सूर्यभान आणि माणिकबाई हे नवराबायको राहत. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई लागली होती, आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला होता. जन्मभर ज्वारी पेरणारे लोक कापूस पेरू लागले. बांध नांगरले गेले, गायरानं नांगरली गेली. सूर्यभान कष्टाळू होता, पण जरा हावरा. गावाच्या शिवेवर पटकीच्या देवीच्या, मरीमायच्या ओट्याभोवती एक तुकडा वाडवडिलांपासून पडीक सोडलेला होता. त्या पावसाळ्यात त्यानं तो नांगरला. पीक असं आलं की झाडं बोंडांनी वाकली.

पौषात माणिकबाईला मुलगी झाली. तिचं नाव शकुन ठेवलं. चैत्रात गावात पटकीची साथ शिरली आणि शकुन एका दिवसात गेली. दुसऱ्या घरांतलीही माणसं गेली. मग लोकांना कारण सापडलं: सूर्यभाननं मरीमायचं वावर नांगरलं, म्हणून ती कोपली. विहिरीवर माणिकबाईची घागर बायांनी बाजूला सारली. कोणी भांडलं नाही. नुसती सारली, आणि तिच्याकडे पाठ केली.

सूर्यभानलाही ते पटलं होतं. तो जेवेना, बोलेना. एकदा एवढंच म्हणाला, "माह्यामुळं गेली पोरगी."

"वावर तुमी नांगरलं," माणिकबाई म्हणाली. "मंग त्या तान्हीनं काय केलं होतं? मोठ्याच्या चुकीपायी तान्ह्या लेकराले मारन, अशी मरीमाय मी नाई मानत."

घरातला कापूस विकायचाच होता. त्यांनी तो गाडीत भरला आणि दोघं अकोल्याला निघाले.

अकोल्याच्या बाजारात गाड्यांची इतकी दाटी होती की सौद्याची पाळी यायला दिवस लागणार होते. गाडी सोडायला जागा मिळाली ती जहीर पिंजाऱ्याच्या आवारात. जहीर कापूस पिंजून गाद्या भरायचा. त्याच्या अंगणात चूल थंड होती आणि आतून तान्ह्या बाळाचं रडणं येत होतं. रडणं म्हणण्याइतकंही त्यात बळ उरलं नव्हतं.

जहीरची आई खुर्शीदबी दारात बसली होती. सून आदल्या दिवशी पटकीनं गेली होती. म्हातारी शेळीच्या दुधात कापसाची वात भिजवून नातीच्या ओठांना लावत होती, आणि पोर तोंड फिरवत होती.

माणिकबाईची छाती अजून दुधानं दाटून येई. ठणका कमी व्हावा म्हणून तिनं घट्ट फडकं बांधलं होतं. ते रडणं कानावर पडलं आणि फडकं ओलं झालं. ती गाडीवरून उतरली.

सूर्यभाननं हात धरला. "कुठं चालली? लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले जे म्हनाचं होतं ते म्हनून झालं," ती म्हणाली.

ती खुर्शीदबीपुढे जाऊन बसली आणि नुसते हात पुढे केले. म्हातारीनं तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं, ओल्या चोळीकडे पाहिलं. विचारलं काही नाही. नात तिच्या मांडीवर ठेवली. पोरीनं थोडी धडपड केली आणि मग प्यायला लागली. माणिकबाई रडत होती. शकुन गेली त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं.

कापूस विकला गेला, तरी ती दोघं गेली नाहीत. माणिकबाई आवारातच वेगळी चूल मांडून रांधे, दिवसा रेच्यावर कापसातली सरकी काढे आणि भूक लागली की अनवरीला पाजी. अनवरी हे त्या पोरीचं नाव. सूर्यभान आधी दूर दूर राहायचा. एका दुपारी माणिकबाई रेच्यावरून उठून आली तेव्हा तो पोरीला मांडीवर घेऊन माश्या वारत बसला होता. तिला पाहून म्हणाला, "झोपली आता. हाक नोको मारू."

पावसाळ्याच्या तोंडाला माणिकबाईचे मामा नत्थुजी अमरावतीहून आले. गळ्यात माळ, देवाधर्माचा माणूस. सगळं ऐकून ते गहिवरले. "आता उमगलं पोरी," ते म्हणाले. "या लेकराले जगवाचं होतं, म्हनून देवानं तुही शकुन नेली."

मामा वडीलधारे होते, तरी माणिकबाईनं मान हलवली.

"नाई मामा," ती म्हणाली. "एकीचं लेकरू हिसकून दुसरीले द्याव, हे तं चोरबी नाई करत. देव असा नाई. शकुन काहून गेली, मले नाई मालूम, अन् तुमालेबी नाई. पन ती गेली तरी दूध आटलं नाई, हे मी पाह्यलं. या म्हातारीनं जात नाई इचारली, हेबी पाह्यलं. मले जो देव भेटला तो इथं भेटला. त्याले मी रोज हात जोडतो."

खुर्शीदबी आतून ऐकत होती. बाहेर येऊन तिनं माणिकबाईच्या पाठीवर हात ठेवला. "बेटी, मेरेकू भी नहीं मालूम," ती म्हणाली. "बहू क्यों गई, मैं भी पूछती रोज. फिर इसका मुँह देखती, और शुकर करती."

निघताना नत्थुजींनी अनवरीच्या मुठीत खारीक ठेवली.

अनवरी भाकरीचा कुसकरा खाऊ लागली तेव्हा ते गावी परतले. लोकांचा राग तोवर निवला होता. विहिरीवर कोणीतरी माणिकबाईला दोर दिला, तिनं तो घेतला. सूर्यभाननं मरीमायचं वावर पुन्हा पडीक सोडलं. भेव वाटलं म्हणून नव्हे; तिचं होतं, आपण घ्यायला नको होतं, एवढंच तो म्हणे. पुढं परदेशातली लढाई थांबली, कापसाचा भाव उतरला, आणि घरात पुन्हा ज्वारी आली. माणिकबाईला दोन मुलं झाली, दोन्ही जगली. शकुनच्या नावानं ती दर चैत्रात मरीमायच्या ओट्यावर दिवा लावी. कधी डोळे भरत, पण दिवा चुकला नाही.

अनवरीचं लग्न ठरलं तेव्हा जहीर स्वतः बोलवायला आला. माणिकबाई दोन्ही मुलांना घेऊन अकोल्याला गेली. मांडवात खुर्शीदबीनं तिला मुलीच्या आईच्या जागी बसवलं आणि वऱ्हाडी मंडळींना सांगितलं, "ये दूधमाँ है, और ये दो इसके भाई." थोरल्यानं बहिणीला लुगडं दिलं. धाकटा लाजून आईच्या मागं लपला, आणि अनवरीनं त्याला ओढून आपल्याजवळ बसवलं.