तिसरी मोजणी

वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात, भूगर्भशास्त्र विभागात, माणसं तीनच: विभागप्रमुख सर, मी आणि अटेंडंट शंकरभाऊ. तरी किस्से इतके साठलेत की कपाटात मावायचे नाहीत! निम्मे एकाच दगडाचे.

हातभर लांब, पट्ट्यापट्ट्यांचा दगड. कोट्यवधी वर्षांपूर्वी खाडीत प्रत्येक भरतीनं गाळाचा एक थर टाकला. पुनवेला, अवसेला जाड थर. अष्टमीच्या सुमाराला बारीक. ते मोजले की तेव्हाचा महिना किती दिवसांचा होता, हे कळतं. तीनदा मोजून एकच आकडा आला तर खरा, हा सरांचा नियम. आणि तिसऱ्या मोजणीत कोणीतरी हाक मारणारच!

*

शंकरभाऊ देवळीचा. सव्वापाचची बस त्यानं कधी चुकवली नाही. पावणेपाचपासून किल्ल्या खुळखुळवायचा. "सर, बस जाऊन राह्यली!" की सरांचा आकडा गेलाच.

*

एकदा सरांनी त्याला समजावलं, "चंद्रामुळे पृथ्वी हळूहळू मंदावते. पूर्वी दिवस लहान होता."

"मंग तवा ऑफिस कितीले सुटे?"

*

"आणि चंद्र दरवर्षी थोडा दूर जातो."

"काऊन? भांडण झालं का?"

*

तपासणीसाठी कमिटी येणार होती, तेव्हा शंकरभाऊनं दगडाला चक्क व्हार्निश मारलं! "चमकून राह्यला ना, सर?" सर दोन महिने ते खरवडत होते. रागावले मात्र नाहीत, मीच चिडलो.

*

सरांचा नोकरीतला शेवटचा दिवस. सोमवारपासून खोलीत कॉम्प्युटर, दगड गोदामात. दोनदा आकडा जुळला होता, तिसरी मोजणी चालली होती. माझा पाय एका जागी ठरेना. खिडकी ते दार, दार ते खिडकी. सर भिंगातून डोळा काढत नव्हते. वीतभर दगड अजून बाकी होता.

पाच वाजले. बाहेरून प्राचार्यांची हाक आली, "शंकर, खोलीची चावी आण!"

झालं, आता गेला आकडा! मी डोळेच मिटले.

शंकरभाऊ उठला, दाराला आतून कडी लावली आणि चावी खिशात टाकली. "सापडून नाई राह्यली, साहेब!"

थोड्या वेळानं देवळीची बस हॉर्न देत रस्त्यावरून गेली. त्यानं खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. स्टूल ओढून सरांजवळ बसला.

"मोजा सर," तो हळूच म्हणाला, "आज दिवस मोठा हाय."