वरचा पाडा उत्तरेला नाय

मास्टर्सची गोष्ट म्हटल्यावर तुमाला वाटलं असेल, आता हा लायब्ररी सांगणार, परीक्षा सांगणार, शेवटी काळा झगा घालून फोटो. काय पण नाय. ह्यात एक नदी आहे, एक पाडा आहे, आणि तो पाडा मी घरात बसून नदीच्या पलीकडं नेऊन ठेवला.

माझा कोर्स स्पेशियल अ‍ॅनालिसिसचा. कुठली गोष्ट कुठं आहे आणि तिथंच का आहे, ते नकाशावरून शोधायचं. टोकावड्याच्या अंगाला आमचं गाव, तिथं सगळे त्याला 'स्पेशल' म्हणतात. बाबा जीपस्टँडवर सांगायचे, "पोरगा स्पेशल शिकतो." कोणी विचारलं, कशात स्पेशल, की बाबा विषय बदलायचे.

मी शनिवार-रविवारच्या बॅचला, म्हंजे पार्ट टाइम. बाकी दिवस मुरबाडला जमीन मोजणाऱ्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर रेघा ओढायचो. फुल टाइमवाल्या पोरांना रोज लॅब, रोज उपग्रहाचे फोटो. ते काय काय बघत असतील ह्याचं मला लय कुतूहल. फुल टाइमला जाऊ का, बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुझी मॅडम हो म्हनली तर सोड नोकरी. नाय म्हनली तर परत इषय काढायचा नाय."

मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडच्या एका गावाचे पाडे आणि बोरिंगा नकाशावर घे. कोण पाण्याला किती चालतं ते दाखव. गावाला दाखवून सोमवारी आण. बघून ठरवते."

मी शेजारचं गाव घेतलं. आपल्या गावात आपल्याला कोण मनावर घेतो? पाण्यावर आलेल्यांना विचारत फिरलो. एक आजोबा अंतर हनुवटीनं दाखवायचे. जवळ असेल तर हनुवटी जराशी पुढं, लांब असेल तर आख्खी मान. मला नकला करायची खोड. त्यांच्यासमोरच मान काढून दाखवली, तर म्हणाले, "अजून काढ. बांधापर्यंतच गेलास."

वरचा पाडा तेवढा राहिला. ऊन होतं, चढ होता, आणि मला वाटलं नावातच पत्ता आहे. नकाशात वर म्हंजे उत्तर. टिंब वर सरकवलं, प्रिंट काढली.

रविवारी बॅच सुटल्यावर समाजमंदिराच्या ओट्यावर नकाशा पसरला. वरच्या पाड्यातली एक मावशी वाकून बघायला लागली.

"आमचा पाडा कुठं हाय रे?"

"हा काय, वर."

"आन् ही निळी रेघ?"

"नदी."

"मंग आमी नदीपल्याड कवा गेलो? सकाळी तर अल्याडच उठले मी!"

आख्खा ओटा हसला. मी म्हटलं, "मावशी, नकाशात वर म्हंजे उत्तर."

"असंल तुझ्या नकाशात. आमचा वर म्हंजे घाटाकडं. यष्टी वर जाते ती काय उत्तरेला जाते?"

खरंच की. मी पण रोज म्हणतो, वर घाटात चाललो, खाली कल्याणला चाललो. कॉम्प्युटरसमोर बसलो आणि विसरलो. मंग मला किडाच चावला. आसनगावच्या वर्गमित्राला फोन लावला, तुमचा वर कुठं? तो म्हणाला, "कसाऱ्याकडं. पण रेल्वेची अप गाडी जाते खाली, मुंबईला. ते आपल्याला कधी जमलं नाय."

नकाशा सोमवारी द्यायचा होता. चुकलेला नेला असता तर टाइमात झालं असतं. त्याच्याऐवजी सोमवारी मी मावशीच्या मागनं वरच्या पाड्यात चालत होतो. तिच्या डोक्यावर दोन हंडे, माझ्या हातात फोन, आणि दम मला. एकाच वाटेची दोन अंतरं निघाली. बोरिंगला उतरताना बारा मिनिटं, हंडे भरून चढताना वीस. कुठल्या लेक्चरला मी हे ऐकलं नव्हतं.

नव्या नकाशात दोन्ही आकडे घातले. कोपऱ्यात उत्तरेचा बाण, शेजारी दुसरा बाण घाटाकडं, त्यावर लिहिलं 'वर'.

मंगळवारी मॅडमसमोर दोन्ही नकाशे ठेवले, झालं ते सांगून टाकलं. त्यांनी दुसऱ्या बाणावर बोट ठेवलं. मंग सुरू झाल्या.

"न जाता टिंब देतोस? माणसं राहतात तिथं! उद्या ह्या टिंबावर कोणी बोरिंग मारून दिली, तर नदी ओलांडून पाणी आणायला कोण जाणार, तू? आणि सोमवार तुमच्या मुरबाडला मंगळवारी येतो का? त्या ऑफिसला आजच सांग, येत नाही म्हणून. उद्या दहाला लॅबमध्ये दिसला नाहीस, तर फुल टाइमचा फॉर्म मी स्वतः फाडीन. हसतोस काय? दात आत घे!"