मुलींच्या शाळेचे चार दिवस

लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेच्या कमिटीवर मला चिटणीस म्हणून घेतलं, तेव्हा आपण काहीतरी करून दाखवावं असं मला फार वाटत होतं. म्हणून दुसऱ्याच बैठकीत मी उठून विचारलं, की मास्तरीणबाई दर महिन्याला शाळा चार दिवस बंद ठेवतात, ती कोणत्या सबबीवर? आणि याची नोंद कुठे का नाही?

अध्यक्ष आबांनी तपकिरीची चिमूट नाकाशी नेली होती, ती तिथेच राहिली. दुसरे एक सभासद खिडकीतून मालगाडी बघायला लागले. शेवटी सगळ्यांत वयस्कर गृहस्थ घसा साफ करून म्हणाले, "चिटणीस, तुमचं लग्न झालंय ना?"

सगळे उपरण्यात तोंड लपवून हसले. मीही हसलो, कारण सगळे हसत होते. डोक्यात उजेड पडला तो घरी जाताना, रूळ ओलांडत असताना. गंमत म्हणजे त्या दिवशी आमच्या घरीही तेच चाललं होतं. ही मागच्या पडवीत कांबळ्यावर बसली होती आणि सकाळी मीच भात करपवून कामावर गेलो होतो. दोन मुलांचा बाप मी. पण पडवीत बसते ती बायको आणि शाळेत शिकवतात त्या मास्तरीणबाई, या दोघींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. मालधक्क्यावरच्या कारकुनाचं डोकं ते. ज्या पोत्यावर जी चिठ्ठी, तेवढंच पोतं ओळखायचं.

आता हे नव्या पिढीला समजावून सांगायला हवं. आमच्या लहानपणी आई दिसेनाशी झाली की कावळा शिवला म्हणून सांगत, आणि आम्ही कावळ्यांवर दगड मारत असू. घरातली बाई चार दिवस दूर बसते, कुणाला शिवत नाही, तिचं तांब्याभांडं वेगळं, एवढंच पुढे कळलं. घरात ते खपून जायचं. पण गावात मुलींची शाळा निघाली, तिला एकच बाई, आणि ती बाई दूर बसली की शाळाच बसली. मुलींना घरोघरी जाऊन बोलावून आणायला शेजारच्या वलवण गावची एक बाई ठेवलेली होती. ती सकाळी गल्लीत दिसली नाही की सगळ्या गावाला कळायचं. वाण्याला कळायचं, स्टेशनमास्तरला कळायचं. एका बाईच्या अंगाचं वेळापत्रक गावाला पाठ झालेलं, आणि ठाऊक नव्हतं ते फक्त चिटणिसाला.

मास्तरीणबाई तिशीच्या असतील. नवऱ्याने टाकलेल्या. पुण्याला शिकून, परीक्षा देऊन आमच्याकडे आल्या होत्या आणि एका म्हाताऱ्या बाईंच्या घरामागच्या खोलीत राहत. बोलायला मोजक्या. गणेशोत्सवात वाचनालयात स्त्रियांच्या उन्नतीवर मी जे व्याख्यान दिलं, त्याला त्या मागे दाराशी बसून होत्या. प्राचीन काळच्या विदुषींपासून सुरुवात करून मी कुठल्या कुठे गेलो होतो. टाळ्या पडल्या. बाईंनी वाजवल्या की नाही, ते आठवत नाही.

थंडी पडली आणि निरोप आला की शाळाखात्याचे डिपोटी साहेब गुरुवारी तपासणीला येणार. आदल्या वर्षी ते आले तेव्हा नेमकी शाळा बंद होती. बंदच राहणाऱ्या शाळेला सरकारने अनुदान कशाला द्यावं, असं ते स्टेशनावर सगळ्यांदेखत बोलून गेले होते. पुन्हा कुलूप दिसलं असतं तर शाळा संपली असती. आणि मंगळवारी दुपारी ती वलवणची बाई मालधक्क्यावर येऊन उभी राहिली.

"भाऊ, बाई सकाळच्यानं भाईर बसल्यात."

संध्याकाळी कमिटी भरली. आबा म्हणाले, बाईंना ताप आहे असं सांगू. दुसरे म्हणाले, मुलग्यांच्या शाळेतला एखादा मास्तर बसवू खुर्चीवर. बाईंना कळवायचं काम अर्थातच चिटणिसाकडे आलं. मी एकटा कसा जाणार, म्हणून हिला बरोबर घेतलं.

म्हाताऱ्या बाईंच्या परसात, पडवीच्या टोकाला मास्तरीणबाई बसल्या होत्या. शेजारी पितळी तांब्या. आम्ही अंगणात तुळशीच्या अलीकडे उभे राहिलो. मी तापाचं सांगितलं. मास्तरचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला ताप नाही," त्या म्हणाल्या. "गुरुवारी शाळा मी घेणार आहे."

आयाबाया काय म्हणतील, मुली कशा येतील, असं काहीसं मी बोललो. मग, आपल्याला सुधारक म्हणतात हे आठवून, हळू आवाजात सुचवलं, की कुणाला सांगायचंच नाही, आणि गुपचूप यायचं.

"गल्लीला सकाळीच कळलंय. आणि लपवून आले, तर पुढच्या महिन्यात पुन्हा लपवायचं. किती वर्षं?" मग माझ्याकडे न बघता, हिच्याकडे बघून म्हणाल्या, "शाळा गेली तर मला कुठे जायला जागा नाही, वहिनी. सासरचं दार बंद आहे. माहेरचंही."

परत येताना ही माझ्यापुढे झपाझप चालत होती.

बुधवारी वलवणची बाई तरीही घरोघर फिरली. तिने काय सांगितलं ते मी वाण्याच्या दुकानातून ऐकलं, कारण दुकानासमोरच तिची एका घरी जुंपली होती. बाई शाळंत येनार हाईत, पोर धाडायची असंल तर धाडा, घरी आल्यावर अंघूळ घाला, असा तिचा निरोप होता. आतून कुणीतरी धर्म बुडाला म्हणालं. त्यावर ती म्हणाली, "भात लावायच्या दिसांत आमी कुटं बसतो चार दिस? चिखलात उभ्या ऱ्हातो. त्योच भात तुमी खाता न्हवं?"

वाणी गुळाची ढेप फोडायचा थांबला. मी गूळ न घेताच निघालो.

गुरुवारी घाटातून धुकं वर आलं होतं. मी शाळेत लवकर पोचलो. बाई नेहमीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, पाठ ताठ, हात मांडीवर. समोर सतरंज्या अंथरलेल्या आणि त्यांच्यावर कुणी नाही. आबा ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. पहिली आली ती बाजारातल्या मणेराची मुलगी, बांगड्यांच्या दुकानातली. तिची आई तिला दारापर्यंत सोडून गेली. मग दोघी बहिणी आल्या, एकमेकींचा हात धरून, कुणीतरी ओरडेल अशा भीतीने. मग बराच वेळ कुणीच नाही.

तेवढ्यात ही दारात दिसली. आमच्या मुलीला घेऊन. मुलीला ओळीत बसवलं आणि तशीच मागे फिरली. मला तेव्हा जाणवलं, की मी सकाळी चिटणीस म्हणून कोट चढवून निघालो होतो आणि माझी स्वतःची मुलगी घरी होती. तिला शाळेत न्यायचं मला सुचलंही नव्हतं.

हिला पाहून असेल किंवा आपापल्या मनाने असेल, आणखी काही मुली आल्या. तरी सतरंज्या अर्ध्या रिकाम्याच राहिल्या.

डिपोटी साहेब आले. काळा कोट, पागोटं, हातात काठी. खुर्चीवर बसून त्यांनी मुलींवरून नजर फिरवली आणि विचारलं, इतक्या कमी का? आबांनी तोंड उघडलं. त्याआधी बाई उभ्या राहिल्या.

"आज मी बाहेरची आहे, साहेब. म्हणून काहींनी मुली पाठवल्या नाहीत."

मी जमिनीकडे बघत होतो. खुर्चीचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. साहेबांनी आपली खुर्ची मागे घेतली होती, हातभर. एवढंच. मग बराच वेळ ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. आता उठून जातील असं मला वाटलं.

"वाचन घ्या," ते म्हणाले.

मणेराच्या मुलीने वाचलं. ती कुठे अडखळली नाही. मग एकेकीने वाचलं. साहेबांनी गणितं विचारली. जाताना बाईंना नमस्कार केला, लांबूनच.

अनुदान टिकलं. त्या दुपारी गल्लीत दारोदार मुलींच्या डोक्यावर पाणी ओतलं जात होतं, आणि त्या कुडकुडत ओरडत होत्या. बऱ्याच मुली परत आल्या. काही कधीच आल्या नाहीत. त्यांतल्या दोघींची उन्हाळ्यात लग्नं लागली, त्या दोन्ही लग्नांत मी जेवलो. म्हाताऱ्या बाईंनी मास्तरीणबाईंना खोली सोडायला सांगितली तेव्हा हिने आमची पुढची खोली रिकामी केली, मला न विचारता. पुढे शाळा त्या चार दिवसांसाठी कधी बंद राहिली नाही.

आता माझी मुलगी पुण्याला कॉलेजात जाते. तिथे सभा होतात, स्त्रियांच्या चळवळीचा इतिहास सांगितला जातो, कोणते कायदे झाले, कोण तुरुंगात गेलं. ती सुटीत येते आणि आम्हाला सांगते. मी मान डोलावतो. आमच्या सतरंज्या त्या इतिहासात कुठे बसवायच्या, ते मला कळत नाही. सुटीत घरी आली की मात्र तीही मागच्या पडवीत बसते. गेल्या खेपेला तिने त्यावरून वाद घातला. माझी आई आता आमच्याकडे राहते, तिचं मन दुखवू नये, असं मी म्हणालो, आणि ते खरंही आहे.

त्या तपासणीनंतरची गोष्ट सांगायची राहिली. महिनाभर मी जो भेटेल त्याला शाळेची हकिकत ऐकवत होतो, आणि दर वेळी त्यातलं माझं धैर्य थोडं वाढत होतं. अशाच एका दिवशी चुलीपाशी बसून पिठलं ढवळत मी ती मोठ्याने सांगत होतो. ऐकायला फक्त ही होती, पलीकडे पडवीत, कांबळ्यावर.

माझं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "शाळेत डिपोटी आला म्हणून निभावलं. आपल्या घरची तपासणी कधी आहे, ते तेवढं विचारून या."