प्लेगात मिळालेली खोली

लग्नाला पाच महिने झाले होते आणि आम्ही दोघं नुसते रविवारचे नवरा-बायको होतो. हे भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात कामाला, एका सोबत्याच्या खोलीत खाट टाकून राहायचे. मी काष्टीला सासूबाईंजवळ. खोली मिळाली की मला नेणार, एवढंच ठरलेलं. आता खोल्या नव्हत्या असं नाही. घरमालक आधी खोली दाखवायचा, मग नळ, मग मोरी, आणि जाता जाता विचारायचा, "आडनाव काय म्हणालात?" आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं की त्याला हटकून आठवायचं, खोली तर कालच कुणाला तरी देऊन टाकली. भिंगारात इतक्या खोल्या 'कालच' गेल्या की एवढी माणसं आणली कुठून, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आज हसून सांगते. तेव्हा हे मला काष्टीला सोडायला यायचे आणि मी एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसायचे, म्हणजे ह्यांना डोळे दिसू नयेत.

चौऱ्याण्णव साली गणपती उठले आणि सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली. बीडकडेही काही सापडलं म्हणत होते, आणि बीड तर आमच्या शेजारचंच. लोक नाकाला रुमाल बांधून हिंडू लागले. औषधाच्या दुकानांतल्या गोळ्या संपल्या. रिक्षावर कर्णा लावून सूचना सुरू झाल्या: मेलेल्या उंदराला हात लावू नका, कळवा; बाहेरगावचं माणूस उतरलं तर नोंद करा. भाड्याने राहणारे कितीतरी जण बिऱ्हाड उचलून गावी पळाले. खोल्या ओस पडल्या, पण नवा भाडेकरू घ्यायची कुणाची छाती होईना.

अशा एका रविवारी आम्ही एका विधवा बाईंच्या दारात उभे होतो. वय साठीचं, नाकाला पदर. घरात त्या एकट्याच, आणि मागच्या अंगाला एक सुटी खोली. त्यांनी उंबऱ्यातूनच उलटतपासणी सुरू केली.

"कुठनं आलात? सुरतंला पावनंरावळं हायेत का? बीडकडं?"

"नाही. काष्टीहून आलो," हे म्हणाले.

"काष्टीत अजून काय न्हाई. मंग ऱ्हावा."

संपलं! आडनाव विचारायचं राहूनच गेलं. आम्ही एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही, न जाणो त्यांना आठवायचं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, जरा जम बसू दे, मग सांगू. मी हो म्हटलं, पण मला ते पटलं नव्हतं. चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि चोरी तर काहीच केली नव्हती.

बाईंची (मी त्यांना मावशी म्हणू लागले होते) अट मात्र एक होती. सामान दोन दिवस अंगणात उन्हात घालायचं, मगच खोलीत न्यायचं. जुन्या प्लेगात त्यांच्या आईचं सगळं गाव घरं सोडून रानात छपरं घालून राहिलं होतं, तेव्हाची ही रीत. मी गोधड्या पसरल्या, डबे उघडून ठेवले, ट्रंकेतले कपडे काढले. तळाला लग्नातल्या साडीत गुंडाळलेली बुद्धाची मूर्ती होती. तिथे मी हात आवरता घेतला.

"तळातलं बी काढ," मावशी म्हणाल्या. "उंदीर तळालाच बसतोय."

मूर्ती बाहेर आली. मावशींनी ती हातात घेतली, बघितली, गोधडीवर नीट ठेवली आणि आत गेल्या. माझा जीव टांगणीला लागला. आता कुठल्याही क्षणी त्यांना आठवणार, खोली कालच दिली. दोन दिवस गेले, सामान आत आलं, तरी मी निम्मी भांडी बांधूनच ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून किंकाळी आली. मी धावले. उतरंडीपाशी उंदीर मरून पडला होता. मावशींनी माझा हातच धरला.

"कुनाला सांगू नगं गं. गल्ली वाळीत टाकंल मला. आन् तू बी जाशील. जाऊ नगं, पोरी."

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण इतक्या घरमालकांत 'जाऊ नको' म्हणणारी ही पहिलीच. मला रडू आलं आणि रागही आला.

"मी कुठं जात नाही," मी म्हटलं. "पण उंदराचं कळवायचं. आणि आमचंही एक सांगायचं राहिलंय." मी आडनाव सांगून टाकलं.

"मूर्ती कुनी ठिवली उनात? मी आंधळी हाय व्हय? दोन दिस इचार करत हुते, काय सांगून काढावं तुमाला. काय सुचंना. आता त्या उंदराचं बघ आधी."

ह्यांनी सायकल काढली. आरोग्य खात्याची दोन माणसं आली, चिमट्याने उंदीर नेला, घरभर पावडर मारली. शेजाऱ्याने घातलेलं उंदराचं औषध खाऊन तो मेला होता, हे मागून कळलं. पण नियम तो नियम. मावशींचं घर तीन दिवस बंद. आमची खोली सुटी, म्हणून वाचली. मावशी बोचकं घेऊन पलीकडच्या गल्लीत पुतण्याकडे गेल्या आणि तासाभरात परत आल्या. पुतण्याने दारातूनच सांगितलं होतं, जागा नाही, कालच पाहुणे आलेत.

त्यांनी आपणहून बोचकं सोडून अंगणात उन्हात घातलं. मग आमच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मी भाकरी थापत होते.

"तीन दिस ठिवून घेतीस का गं?" त्या म्हणाल्या. "भाडं काय आसंल ते सांग."

मी मान वर केली नाही. "भाड्याचं नंतर. आधी आडनाव सांगा, मावशी."

ह्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. मावशी अशा हसल्या की नाकावरचा पदर सुटला. आत आल्या, चुलीपाशी बसल्या.

"लई तिखट हाईस," म्हणाल्या, आणि तव्यावरची भाकरी स्वतःच उचलून घेतली.