उजवीकडे गेलेला डबा

आमच्या टेबलाचा एकच नियम होता: आपला डबा आपण खायचा नाही. कुरकुंभच्या कारखान्यात आम्ही चौघं एकत्र जेवायचो. झाकण उघडायच्या आधी प्रत्येकानं आपला डबा उजवीकडे सरकवायचा आणि डावीकडून येईल तो गोड मानून घ्यायचा. नियम मीच काढलेला. घरचं रोज रात्री खातोच, दुपारी जरा परमुलूख बघावा, असं मी मोठ्या थाटात सांगितलं होतं आणि त्यावर टाळ्याही घेतल्या होत्या.

माझ्या उजवीकडे फिटर बसायचा. माझ्याच वरवंडचा, पोट सुटलेला, ईदला अख्ख्या शिफ्टला शीरखुर्मा आणणारा. डावीकडे खुटबावचा लेथवाला. त्याच्या आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी ऊस लावला आणि आईनं डब्यात तूप घालताना कधी हात आखडला नाही. चौथा स्टोअरचा.

मग पुण्याहून नवे साहेब आले. त्यांनी टाइम ऑफिसशेजारी वजनकाटा ठेवला, कँटीनचे समोसे आठवड्यातून एकाच दिवसावर आणले आणि शिफ्टआधी पंधरा मिनिटं व्यायाम लावला. पुढं उभं राहून आकडे मोजायला दणदणीत आवाज हवा होता. गावच्या गणपतीत नाटकं करून तो मी कमावलेला होताच. मी ‘एक, दोन, तीन, चार’ म्हटलं की कुंपणापलीकडच्या बाभळीवरचे बगळे उडायचे. मी स्वतः किती वाकतो, हे कुणी बघत नव्हतं. सगळेच वाकलेले असायचे.

त्याच महिन्यात सगळ्यांची तपासणी झाली आणि माझ्या रक्तात साखर निघाली. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, “वर्षभर पथ्य पाळा. साखर उतरली नाही, पाय बधिर झाले, तर तुम्हाला प्रेसवरून काढावं लागेल.” पत्रा कापायची माझी प्रेस पायानं चालायची. पेडल दाबलं की वरचा डाय, लोखंडी साचा, खाली यायचा, त्याआधी हात बाहेर हवा. पाय पेडलवर आहे की नाही, हे पायालाच कळलं नाही, तर पुढचं बोटांनी भोगायचं.

बायकोनं ते पथ्य व्रतासारखं धरलं. पहाटे उठून ज्वारीची भाकरी, थेंबभर तेलातली मेथी, मोडाची मटकी, कारलं, काकडीच्या फोडी. डबा भरायची, माझ्या हातात द्यायची आणि दुपारी तो उजवीकडे जायचा.

टेबलावर मी साखरेचं बोललोच नाही. बोललो असतो तर नियम मोडला असता आणि टेबलाचा राजा होतो तो पेशंट झालो असतो. लेथवाल्याच्या डब्यातली गूळपोळी उघडली की मी मनात म्हणायचो, एकच जेवण तर आहे.

“आज परत कारलं?” फिटर ओरडायचा. “वहिनींचा काय गुन्हा केलाय रं मी?”

“नियम म्हंजी नियम. गप गिळ.”

तो गिळायचा. गिळता गिळता त्याला ते आवडायला लागलं.

संध्याकाळी रिकामा डबा बघून बायको विचारायची, “सगळं खाल्लं?”

“बोटं चाटून,” मी म्हणायचो. कुणाची बोटं, ते तिनं विचारलं नव्हतं.

“मीठ कमी घालायला सांगितलंय. आळणी लागतं का हो?”

“छे! झकास.”

दिवाळीनंतर तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मग त्या यायच्याच थांबल्या. मी म्हटलं, चला, बरं झालं. एका रविवारी बाजारातून घरी आलो तर डाव्या पायात चप्पलच नव्हती. कुठं निसटली, पायाला पत्ता नाही. तो किस्सा मी टेबलावर नक्कल करून सांगितला. फिटरला हसून हसून ठसका लागला.

वर्षानं पुन्हा तपासणी झाली. कारखान्याच्या वर्धापनदिनाला घरच्यांना बोलावून बक्षिसं ठेवली होती. माझी साखर वाढल्याचा कागद माझ्या खिशात होता. पायांची तपासणी दुसऱ्या दिवशी होती, बायकोला घेऊन यायला सांगितलं होतं. ती मात्र तिसऱ्या रांगेत पदर सावरून बसली होती. तब्येत सगळ्यात जास्त सुधारलेला कामगार म्हणून आता माझंच नाव पुकारणार, अशी तिची खात्री होती.

नाव फिटरचं आलं. त्याचं पोट गेलं होतं, गालफडं दिसायला लागली होती. साहेबांनी माइक त्याच्यापुढं धरला. “काय केलंत, सांगा सगळ्यांना.”

फिटर भोळा. “साहेब, ह्यात माझं काय न्हाई,” तो म्हणाला. “ह्या प्रेसवाल्याच्या घरची भाकरी हाय ही. वर्षभर वहिनींचा डबा मीच खाल्ला.”

लोक हसले. मीही टाळ्या वाजवल्या. हात एकमेकांवर आपटत होते, एवढं दिसत होतं.

खाली उतरून फिटर बक्षिसाचं घड्याळ घेऊन सरळ तिच्याकडं आला. “वहिनी, हे तुमचं.”

तिनं घड्याळाकडं बघितलंही नाही. “भावजी, भाजी आळणी लागायची का?”

“पयल्यांदा लागली. मग सवय झाली.”

“तेवढंच विचारायचं होतं,” ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मी तयार होतो. रडका, रागीट, विनोदी, तिन्ही सुरांत उत्तरं पाठ केली होती. ती पाटस गेलं तरी खिडकीबाहेर ऊस बघत होती. काहीतरी वाटायला हवं होतं, म्हणून मीही ऊस बघितला. काही वाटलं नाही. वरवंडला उतरलो, जेवलो, झोपलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाकावर आडवं केलं, मोजे काढले. बायको पायथ्याशी उभी होती.

“डोळे मिटा. पायाला टोचलं की ‘हो’ म्हणायचं.”

मी डोळे मिटले. नाटकात आंधळ्याचं काम मी केलेलं होतं, कान कुठं लावायचे ते मला ठाऊक होतं. प्रेस जाता कामा नये. काहीतरी खुडबुडलं.

“हो,” मी म्हणालो.

जरा थांबून, अंगठा किंचित आखडून घेत, “हो.” मग थोडं कण्हत, “आई गं, हो.”



“अहो,” बायकोचा आवाज आला, “डॉक्टर अजून टाचणी शोधत्यात.”